खुर्ची बाहेर काढली की मुक्काम

१४ सप्टेंबर

उद्या सकाळी निघायचं. जर्मनीतल्या कील शहरात, समुद्राच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आहे. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं आहे. पोर्तुगालहून तिकडे जायला माणसं विमानात बसतात. मी मासळीच्या गाडीत बसणार आहे.

गाडी आईची. पहाटे बंदरावर तारल्या, बांगडे, माकुल बर्फात भरायचे आणि आतल्या गावांतून फिरायचं, यात तिची हयात गेली. वेशीवर भोंगा वाजवला की बायका ताटं घेऊन दारात. गेल्या वर्षी तिकडेही मोठं दुकान उघडलं आणि आईची फेरी बंद झाली. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती आणि आई गाडीभोवती. माझ्या नोकरीचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी सोडते तुला." मला वाटलं, विमानतळावर.

आबिलिओमामाने गाडीचं घर केलंय. म्हणजे मागच्या बर्फाच्या पेटीला एक खिडकी बसवली. ती कुणाच्या तरी न्हाणीघरातली, दुधी काचेची आहे, त्यामुळे आतून बघितलं की सगळं जग आंघोळ करत असल्यासारखं दिसतं. माशांच्या क्रेटांवर फळ्या टाकून दोन बिछाने केलेत. मासे मांडायचा पत्र्याचा ओटा होता, तोच आता स्वयंपाकाचा ओटा. बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून तो मोरीकडे उतरता आहे. अंडं ठेवलं की ते आपणहून मोरीकडे निघतं. कागदोपत्री ही अजून मासळीचीच गाडी. "हे नियमात बसतं का?" मी मामाला विचारलं. "तू आत बसतेस ना? झालं तर मग," मामा म्हणाला.

गाडीच्या दोन्ही अंगांना माशाच्या चित्राशेजारी निळ्या अक्षरांत आईचं नाव लिहिलेलं होतं: झुल्मिरा, ताजी मासळी. त्यावर काल मी पांढरा रंग दिला. आई बघत उभी होती.

"कशाला गं?"

"नव्या गावात शिरताना बरं दिसत नाही."

रंगाचा डबा तिनेच आणून दिला होता.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहिते. आईला मी परत पाठवणार नाही. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. काळे कपडे तिने अजून सोडलेले नाहीत. फेरी गेली, मीही चालले. एकटी राहिली तर रक्तदाबाच्या गोळ्या विसरेल आणि खारा मासा खात बसेल. म्हणून कीलमध्ये मी दोघींपुरतं घर घेतलंय. तिला बोलले नाही, कारण इथे बोलले तर इथेच नाही म्हणेल. वाटेत चांगली वेळ बघून विचारायचं. आमच्या घरात चौथीच्या पुढे शिकलेली मी पहिली, त्यामुळे शिकून केलेल्या चुका करणारीही मीच पहिली असणार. ही त्यांतली नसावी.

आईने कोंबड्या शेजारच्या जुदितेला दिल्या, खुराड्यासकट. थोड्या दिवसांसाठी खुराडं कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "घर बदललं की कोंबड्या अंडी देत नाहीत." मला बरं वाटलं. तिच्याही मनात तेच असावं जे माझ्या मनात आहे.

१६ सप्टेंबर

स्पेन. वाटेतल्या सगळ्या देशांचे नियम मी छापून फाइलला लावलेत: गाडी कुठे उभी करावी, सांडपाणी कुठे ओतावं, कोणत्या शहरात काचेवर कोणतं लेबल हवं. बर्फाच्या पेटीचं दार फक्त बाहेरून उघडतं, एवढंच त्यात नव्हतं. मामाने त्यावर सुतळीचा इलाज केला होता. आज सकाळी मी सुतळी ओढली आणि ती हातात आली.

आई बिछान्यावर बसून केस विंचरत होती. "ओरड," म्हणाली.

"काय ओरडू?"

"वाचवा म्हण."

"स्पॅनिशमध्ये?"

"नाही, लॅटिनमध्ये. चर्चमध्ये आहोत ना आपण."

मी खिडकीला तोंड लावून "कृपया, जरा ऐकता का" असं ओरडले. स्वतःचा आवाज ऐकून मलाच वाटलं, असल्या आवाजाच्या बाईसाठी मीसुद्धा आले नसते. आईने मला बाजूला सारलं आणि फेरीवरची एकच हाक दिली: "तारल्याऽऽ!"

एक मेंढपाळ धावत आला. त्याने दार उघडलं. आत दोन बायका, एक काळ्या कपड्यांत, दुसरी झोपायच्या.

"मासे कुठेत?"

"संपले," आई म्हणाली आणि तिने त्याला कॉफी दिली. कप ओट्यावर ठेवताच मोरीकडे निघाला, तो त्याने झेलला. जाताना त्याने दाराला सुतळीऐवजी कातड्याची वादी बांधून दिली.

आज विचारायचं ठरवलं होतं. पण दोघी एकत्र कोंडल्या गेलेल्या दिवशी 'कायमची माझ्याजवळ राहा' असं म्हणणं मला प्रशस्त वाटलं नाही.

१९ सप्टेंबर

फ्रान्स. पाइनच्या रानात एक तळं, तळ्याकाठी मोकळी जागा. गाडी उभी केल्या केल्या आईने खुर्ची काढली. आमच्या दोन खुर्च्या आहेत, समुद्रावर नेतात तसल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या. आमच्याकडे संध्याकाळी बायका दारात खुर्ची टाकून बसतात. एखादी बसली नाही तर तिच्या घरी काहीतरी बिनसलंय असं समजतात. तेव्हा आईने दारात खुर्ची टाकली आणि ती बटाटे सोलायला बसली. मी सांगत होते की फाइलमध्ये याबद्दल काहीतरी आहे. तेवढ्यात फाइलच चालत आली, पोलिसाच्या वेषात.

"मादाम, इथे गाडी उभी करायला हरकत नाही. मुक्काम करता येणार नाही."

मी आईला पोर्तुगीजमध्ये सांगितलं. आई म्हणाली, "विचार त्याला, मुक्काम कशावरून?"

"खुर्चीवरून," पोलीस म्हणाला.

आई उठून उभी राहिली. "आता?"

"खुर्ची अजून जमिनीवर आहे, मादाम."

आईने खुर्ची मिटून काखेत मारली. "आता?"

"आता गाडी नुसती उभी आहे."

आईने खुर्ची पुन्हा मांडली. "आता?"

"मुक्काम."

पुन्हा मिटली. "आता?"

"उभी."

"आणि मी तशीच खाली गवतावर बसले तर?"

तो विचारात पडला. "तर तुम्ही बसल्या आहात."

दरम्यान मी त्याची माफी मागून झाले होते आणि फाइलमधून आमच्यावर लागू होणारं कलमही काढून त्याच्यापुढे धरलं होतं. ते वाचून तो म्हणाला, "बाई, इतकं तर मलाही माहीत नव्हतं." जाताना आईने त्याला तळलेल्या तारल्या दिल्या. त्या लाच ठरू नयेत म्हणून मी म्हणाले, की खुर्ची मिटल्यानंतर दिल्यात. आईने माझ्याकडे बघितलं, खराब निघालेल्या माकुलाकडे बघते तसं.

पुढे गाडी चालवताना ती तेच घोळवत होती. "म्हणजे बघ, बिछाने आहेत, चूल आहे, आपण दोघी आहोत. यातलं काही मोजत नाहीत. एक खुर्ची बाहेर आली की मग तुम्ही राहताय."

"हो."

"शहाणा कायदा आहे."

मी तेव्हा विचारू शकले असते. विषयच तो होता. मी म्हणाले, "पुढच्या वळणाला उजवीकडे." डावीकडे होतं.

२१ सप्टेंबर

एका खेड्यात शिरताना आईने भोंगा वाजवला. "हात आपोआप गेला," म्हणाली. पाहतो तर एक म्हातारी ताट घेऊन दारात उभी! त्यांच्याकडेही मासेवाला भोंगा वाजवत येतो म्हणे, यायचा म्हणजे. रिकाम्या ताटाने तिला परत कसं पाठवायचं? आमचं दुपारचं जेवण तिच्या ताटात गेलं. विकलं नाही, दिलं, म्हणून परवाना लागू नये. पण तिने बदल्यात आलुबुखाराचा मुरंबा दिला आणि आम्ही तो घेतला. आता ही विक्री झाली का? फाइल यावर गप्प आहे. मुरंबा छान आहे. तो खातानाही मला अपराधी वाटतं, हे आईला आवडत नाही.

२३ सप्टेंबर

लुआर नदीचा काठ. शेजारी पोस्टाची जुनी पिवळी गाडी उभी होती. तिच्यात मारीव्हॉन नावाची बाई राहते, फ्रान्सच्याच समुद्रकाठच्या ब्रेतान्य प्रांतातली. सत्तरीची, एकटी, पाय गमबुटात. आई आणि ती दोघी माझ्यामार्फत बोलत होत्या.

"विचार तिला, एकटीने भीती नाही वाटत?"

"वाटते की," मारीव्हॉन म्हणाली. "गाडी मागे घेताना."

आई एवढी हसली की तिचा डोक्याचा रुमाल सुटला. मग मारीव्हॉनने नॉर्वेचे फोटो काढले. ती तिथे दोनदा जाऊन आली आहे. आमच्या घरी नाताळला जो खारा कॉड मासा लागतो तो तिकडून येतो. आईने खोकीच्या खोकी विकलाय. आता तिचे प्रश्न संपेनात. रस्ते कसे आहेत? बोट कुठून सुटते? बोटीत गाडी कशी चढवतात? रात्री गाडीत गारठा किती? मी बिचारी भाषांतर करत राहिले. शेवटी मारीव्हॉनने मला विचारलं, "तुमची आई कधी जाणार आहे?"

मी म्हणाले, नाही नाही, ती मला जर्मनीत सोडायला चालली आहे.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"काही नाही. माझं भाषांतर कुठेतरी चुकतंय."

"चांगलं चाललंय की," आई म्हणाली.

तिला एवढी चौकशी करायची हौस आहे, हे मला माहीतच नव्हतं. एकटेपणात माणसाचं असं होत असावं.

२५ सप्टेंबर

बेल्जियम. दिवसभर पाऊस. जेवायला थांबलो तेव्हा पेट्रोल पंपावरचा माणूस विचारत आला, बांगडा आहे का. मी बाहेर जाऊन बघितलं. माझा पांढरा रंग दुधासारखा ओघळून रस्त्यावर उतरला होता आणि गाडीवर झुल्मिरा, ताजी मासळी पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होती.

"पाण्याने जाणारा रंग आणलास तू?"

"डब्यावर काय लिहिलंय ते वाचायला मी कुठे शिकलेय," आई म्हणाली. डब्यावर नळाचं चित्र होतं.

मग तिने बाजारातून एक लाल रेनकोट घेतला, भडक लाल, आणि लोकरीचे जाड मोजे. तीन वर्षांत तिच्या अंगावर पहिला रंग. वर आरशात बघून म्हणाली, "बोयासारखी दिसतेय." समुद्रातला बोया, लांबून दिसावा म्हणून लाल असतो. एवढे जाड मोजे कीलच्या हिवाळ्यासाठीच असणार. राहणार नसती तर मोजे कशाला? कोंबड्या आणि आता मोजे. मी उगाच घाबरते. विचारायची गरजसुद्धा पडायची नाही.

२७ सप्टेंबर

जर्मनी. इथे रस्त्याकडेला गाडीत झोपायला परवानगी आहे, पण एकाच कारणासाठी: गाडी चालवण्याइतकी ताकद परत मिळवायला. कुणी हटकलं तर म्हणायचं ते जर्मन वाक्य मी पाठ केलंय आणि आईकडूनही करून घेतलंय. आजवर कुणी हटकलं नाही. पण आई ते पेट्रोल पंपावर म्हणते, भाजीवाल्याला म्हणते, एका कुत्र्यालाही म्हणाली. दुपारी जेवणानंतर लवंडली होती. मी म्हटलं, "आई, भांडी." डोळे न उघडता जर्मनमध्ये उत्तर आलं: "मी गाडी चालवण्याइतकी ताकद परत मिळवत आहे."

गाडीचा वास जावा म्हणून कपडे सगळे व्हिनेगरच्या पाण्यातून काढले. आता माझ्या कपड्यांना व्हिनेगर लावलेल्या माशाचा वास येतो.

२९ सप्टेंबर

पोचलो. आणि मी विचारलं नाही ते नाहीच.

घरमालकीण पीटरसनबाई खाली दारात उभ्या होत्या. आधी हात मिळवला, मग घराचे नियम हातात ठेवले. मला त्या लगेच आवडल्या. मी नियम वाचत होते आणि आई वाकून दारावरच्या घंट्या बघत होती. इथे प्रत्येक घंटीशेजारी राहणाऱ्यांची नावं असतात. पीटरसनबाईंनी फोनवर विचारलं होतं, नावं काय लावू? मी सांगितली होती. त्या इतक्या लवकर लावतील असं मला वाटलं नव्हतं. इथली माणसं किती कामसू आहेत हे मी विसरले.

"हे आपलं आडनाव," आई म्हणाली. "क्रावेइरो. आणि आधी व्ही. ती तू, व्हानिया. मग झेड कोण?"

मी म्हणाले की आधी सामान वर नेऊया.

"झेड कोण गं?"

"तू."

पीटरसनबाई तोंडभर हसून आईला जर्मनमध्ये म्हणाल्या, आपल्या नव्या घरी स्वागत. भाषांतर करायची वेळ आली आणि मी घराचे नियम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. आई त्या घंटीकडेच बघत होती. तिच्या मागे रस्त्यावर गाडी उभी होती, अंगावर तिचं नाव, हाताएवढ्या अक्षरांत.

"तिथलं पुसलंस," ती म्हणाली, "आणि इथे चिकटवलंस."

मग आम्ही सामान वर नेलं. दोन खाटा तिने बघितल्या. झोपायला खाली गाडीत गेली.

३० सप्टेंबर

सकाळी खाली गेले तर आई ओट्याशी उभी राहून अंडी झेलत होती. मी पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं: घर रिकामं झालंय, फेरी संपली, गोळ्या राहतात, तुला एकटी सोडून मी कशी राहू, म्हणून घर घेतलं, विचारायला हवं होतं, चुकलं.

"बस," आई म्हणाली. "आज दुपारी ओस्लोची बोट आहे. मी नॉर्वेला चाललेय."

मला वाटलं, ही रागावून असं म्हणतेय.

"रागावून नाही गं. निघतानाच ठरलं होतं. मला वाटलं, तुला कळलंय. कोंबड्या खुराड्यासकट दिल्या मी!"

"मला वाटलं, माझ्याकडे राहायला येतेयस म्हणून दिल्यास."

"आणि ती पोस्टाची बाई? सगळं तुझ्याच तोंडून तर विचारलं!"

मी ओट्याला धरून उभी राहिले. माझ्याच तोंडून. गारठ्याचाही प्रश्न मीच विचारला होता, व्याकरणासकट.

"तिकडे थंडीने मरशील."

"पोरी, ही बर्फाची गाडी आहे. थंडी आत कोंडून ठेवते, तशी बाहेरही ठेवेल."

"तुला तिकडे कोण ओळखतं?"

"कुणी नाही. गावात सगळे ओळखतात. तीन वर्षं झाली, दारात खुर्ची टाकली की येणारी-जाणारी विचारते, कशी आहेस गं बिचारे. इतकं बिचारं असायला माझं काय बिघडलंय? आयुष्यभर लोक विचारायचे, झुल्मिरा, मासा कुठला? मी सांगायचे, नॉर्वेचा, एक नंबर. बघितलाय कुणी नॉर्वे? खोक्यावर डोंगराचं चित्र होतं, तेवढंच."

"आणि माझं काय?"

हे मी म्हणाले. चोवीस वर्षांची, नोकरी लागलेली, फाइलवाली. तोंडातून निघून गेलं आणि तिथेच राहिलं.

आईने हातातलं अंडं वाटीत ठेवलं. "हां," म्हणाली. "आत्ता खरं बोललीस. गोळ्या म्हणे!"

मग मी रडले. तिने तसं रडू दिलं, अंडी करपली तरी. नंतर म्हणाली, "मला पहिल्या दिवशी फेरीवर पाठवलं तेव्हा मी एका वेशीवर भोंगाच वाजवला नाही. लाज वाटली. तशीच गाडीत बसून राहिले आणि मासे घेऊन घरी आले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी वाजवला. मासे थोडेच थांबतात."

खाली उतरून तिने माशांच्या सुरीने घंटीवरचा झेड खरवडून काढला, व्हीला धक्का न लावता. पीटरसनबाईंना मी काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. मग आईने एक खुर्ची वर आणून माझ्या खोलीत भिंतीला टेकवली. "एकटीला दोन कशाला. कायदा लक्षात आहे ना?"

बंदरावर बोटीच्या माणसाने गाडीवरची अक्षरं वाचली आणि तिला मालट्रकांच्या रांगेत घातलं. मी धावत गेले. तो मासळीचे कागद मागत होता.

"मासा नाहीये," मी सांगितलं.

"मग आत काय आहे?"

आईने खिडकीतून लाल बाही बाहेर काढून स्वतःकडे बोट दाखवलं. त्याने दार उघडून आत बघितलं, आंघोळीची खिडकी बघितली, ओटा बघितला आणि तिला मोटारींच्या रांगेत पाठवलं. ती अरुंद वाट होती, गाडी मागे घ्यावी लागली. मागे घेताना आई घाबरलेली दिसली. मी हात करून वळण दाखवत होते. या वेळी डावं म्हणजे डावंच सांगितलं.

बोटीच्या पोटात शिरताना तिने भोंगा वाजवला. बंदरावरचे सगळे समुद्रपक्षी उठले.

१ ऑक्टोबर

प्रयोगशाळा. कुणाच्या फार जवळ गेले नाही, कपड्यांच्या वासाची भीती. दुपारी विब्के नावाची शेजारची मुलगी डबा उघडून बसली आणि सगळी खोली धुरी दिलेल्या माशांनी भरून गेली. "तुला त्रास होत नाही ना?" तिने विचारलं. मी म्हणाले, मुळीच नाही. पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिने घाईघाईने खिडकी उघडली.

१४ ऑक्टोबर

रविवार. दोन आठवडे मी कामावर गेले, आले, दाराला कडी लावली. नियम सगळे पाळले. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, टाकल्या नाहीत. जिन्यात कुणी भेटलं तर मी आधी वाट दिली. खुर्ची भिंतीशी मिटलेली. तिच्यावर मी धुतलेले मोजे वाळत घालते. व्हीच्या शेजारच्या पांढऱ्या डागाबद्दल पीटरसनबाईंनी अजून विचारलं नाही. रोज विचारतील म्हणून मी घंटीकडे न बघता आत येते.

आज फोनवर आईने बोलून पाठवलेला निरोप आला. "पोचले गं! बेटांवर आहे. मासे वाळवायच्या काठ्याच काठ्या, चर्चएवढ्या उंच, आणि त्यांवर एक मासा नाही! विचारलं तर म्हणाले, मासा फेब्रुवारीत येतो. बघ, आयुष्यभर ह्यांचा मासा विकला आणि कधी येतो ते ठाऊक नाही. इथे एक बाई आहे, मासळीच्या गोदामातली. ती म्हणते, हात चांगले आहेत तुझे, थांब. तर आहे थोडे दिवस. तू म्हणशील, राहिलीस. राहत नाहीये हं." मग तिने ते जर्मन वाक्य म्हटलं, ताकद परत मिळवायचं, आणि मागे कुणीतरी खो खो हसलं. गोळ्या घेते, हेही शेवटी सांगितलं.

खाली एक फोटो होता, तिरका. काळे डोंगर, त्यापुढे गाडी, गाडीच्या दारात लाल रेनकोट. मी फोटो मोठा करून बघितला. खुर्ची बाहेर होती.

मी मोजे काढून खुर्ची उचलली. खाली जाताना घराचे नियम पुन्हा वाचले. जिन्यात वस्तू ठेवू नये, खिडकीतून गालिचे झटकू नयेत. दाराबाहेरच्या फुटपाथबद्दल काही नव्हतं, आणि नव्हतं म्हणून मी दाराशी पुष्कळ वेळ उभी राहिले. मग खुर्ची मांडली आणि बसले. मांडीवर बटाटे घेतले होते, कारण नुसतं कसं बसायचं.

ऊन बरं होतं. एक माणूस गेला, मान हलवून. एक कुत्रं आलं, कदाचित वासाने. मग पीटरसनबाई बाजाराची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"हे काय करताय, क्रावेइरोबाई?"

ताकद परत मिळवायचं वाक्य जिभेवर तयार होतं. पाठ होतं, व्याकरणात चोख होतं. पण खुर्ची जमिनीवर होती.

"राहतेय," मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची बघितली, बटाटे बघितले, भिंत बघितली. "थोडी मागे घ्या. लहान मुलांची गाडी जायला हवी इथून."

मी उठले, खुर्ची भिंतीला लावली, पुन्हा बसले. त्यांनी पिशवी पुढे धरून फुटपाथ मापला.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या.